हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचे पत्रे: ओळख, तपासणी आणि जोडणी

जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या बाजूच्या इंजिनाला रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग रेडिएटरचं काम कोण करतं, असं विचारलं की बहुतेक जण पंख्याकडे बोट दाखवतात. पंखा फक्त हवा ढकलतो. ती हवा कुठून घ्यायची, सिलिंडरांवरच्या कुठल्या फिनांमधून (उष्णता सोडणाऱ्या पातळ धातूच्या पट्ट्यांमधून) न्यायची आणि तापल्यावर कुठे सोडायची, हे सगळं इंजिनाभोवतीचे काळे पत्रे ठरवतात. इंजिन उघडलेला माणूस जोडताना दोन-चार पत्रे बाजूला ठेवून देतो, कारण ते नसले तरी इंजिन सुरू होतं आणि आवाजही बदलत नाही. नुकसान हळूहळू होतं आणि कळतं तेव्हा हेडला, म्हणजे सिलिंडरांच्या टोकावरच्या झाकणाला, तडा गेलेला असतो.

हा लेख बीटलच्या उभ्या पंख्याच्या, आडव्या चार सिलिंडरांच्या इंजिनाला धरून लिहिला आहे, कारण नवशिक्यांच्या हातात बहुधा तेच येतं. जुनी पोर्शे ९११, शेवरोले कॉर्वेअर, सित्रोएन २सीव्ही यांचे पंखे आणि पत्रे वेगळ्या आकाराचे आहेत. तत्त्व मात्र तेच.

आधी हवेची वाट समजून घ्या

मागच्या काचेखालच्या फटींमधून बाहेरची हवा इंजिनाच्या कप्प्यात येते. पंखा फॅन श्राउडच्या, म्हणजे त्याच्याभोवतीच्या पत्र्याच्या डब्याच्या, आत असतो आणि श्राउडचं हवा घेणारं तोंड गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडे मागून पाहणाऱ्याच्या नजरेआड असतं. पंखा जनरेटरच्या किंवा अल्टरनेटरच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि तो दांडा क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवरच्या बेल्टने फिरतो. त्यामुळे पंखा क्रँकपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने फिरतो आणि चढ्या वेगाला दर सेकंदाला सुमारे ५०० लिटर हवा ढकलतो. श्राउडमध्ये ही हवा डावी-उजवी वाटली जाते, वरून खाली सिलिंडर आणि हेडच्या फिनांमधून जाते आणि तापून गाडीच्या खाली बाहेर पडते. थोडी हवा श्राउडच्या दोन बाजूंच्या जाड होजमधून एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमध्ये जाते. प्रवाशांसाठीचा हीटर तिच्यावर चालतो.

इंजिनाचा कप्पा दुमजली घर समजा. वरचा मजला थंड हवेचा, खालचा गरम हवेचा, आणि पत्रे म्हणजे मधला स्लॅब. स्लॅबला भोक पडलं की दोन गोष्टी होतात. पंख्याने दाब दिलेली हवा फिनांकडे न जाता सोप्या वाटेने निसटते आणि एक्झॉस्टवरून तापलेली खालची हवा वर चढून पुन्हा पंख्याच्या तोंडात जाते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तीच हवा फिरत राहते आणि प्रत्येक फेरीला आणखी तापते. गाडी वेगात असताना त्रास कमी जाणवतो. चढावर आणि गर्दीत इंजिन शिजतं.

या इंजिनात ऑइल जेमतेम अडीच लिटर असतं. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत पाणी जेवढी उष्णता वाहून नेतं, त्यातला बराच वाटा इथे या अडीच लिटरवर पडतो. म्हणून पत्र्यांचं काम सिलिंडरांपुरतं नाही. ऑइल कूलरलाही त्यांच्यामुळेच हवा मिळते.

कोणता पत्रा कुठला

सिलिंडरांचे क्रमांक आधी लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं सगळं उलटसुलट होईल. इथे ‘पुढे’ म्हणजे गाडीचं पुढे, म्हणजेच गिअरबॉक्सची बाजू. उजवीकडे पुढे १ आणि मागे २, डावीकडे पुढे ३ आणि मागे ४. डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यासारखं धरायचं.

सर्वांत मोठा पत्रा म्हणजे फॅन श्राउड. त्याखाली दोन्ही बाजूंना सिलिंडरांवरचे पत्रे असतात. हे सिलिंडर आणि हेड वरून झाकतात आणि स्पार्क प्लगच्या तारा त्यांतल्या भोकांतून आत जातात. गिअरबॉक्सच्या बाजूला पुढचा पत्रा, बंपरच्या बाजूला मागचा पत्रा, ज्यात हीटरच्या दोन होजसाठी गोल भोकं असतात. क्रँक पुलीच्या आसपास एक-दोन छोटे तुकडे असतात. सिलिंडरांना हवा-पेट्रोल पुरवणारं इनटेक मॅनिफोल्ड तापवणारी नळी जिथून खाली एक्झॉस्टकडे जाते, तिथेही लहान झाकणं असतात. हरवलेल्या भागांच्या यादीत हीच बहुधा सगळ्यात वर असतात.

खालच्या बाजूचे पत्रे कुणाला दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही. क्रँककेस (क्रँक ज्यात बसतो ती पेटी) आणि हीट एक्स्चेंजर यांच्यामधली जागा बंद करणारे दोन लांबट पत्रे असतात. त्यांच्याही वर, सिलिंडरांना खालून चिकटून, प्रत्येक बाजूला एक असे दोन डिफ्लेक्टर असतात. आकाराने लहान, कामाने फार मोठे. वरून आलेली हवा दोन सिलिंडरांच्या मधल्या मोकळ्या जागेतून सरळ खाली पडू पाहते. डिफ्लेक्टर तिला अडवतो आणि सिलिंडरांच्या पोटाखालून वळायला लावतो. तो नसेल तर सिलिंडरांना वरून गार हवा मिळते आणि खालची बाजू तापलेलीच राहते. सिलिंडर सगळीकडून सारखा तापला नाही तर तो गोल राहत नाही.

१९७१च्या मॉडेलपासून ऑइल कूलरची जागा बदलली. त्याआधी कूलर श्राउडच्या आत, तीन नंबरच्या सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेतच उभा असायचा. त्यामुळे त्या सिलिंडरला कूलरवरून तापून आलेली, अपुरी हवा मिळायची. काही डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागात) तीन नंबरचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मुद्दाम थोडं मागे ठेवलेलं असायचं, ते याचसाठी. नव्या मांडणीत कूलर श्राउडच्या पुढच्या अंगाला स्वतःच्या वेगळ्या खोलीत गेला. गाडीवाले तिला डॉगहाऊस म्हणतात. तिच्यासाठी पंखाही रुंद केला. या खोलीतून निघणारी गरम हवा खाली बाहेर नेणारा एक वेगळा पत्रा असतो. तो नसेल तर कूलरची सगळी उष्णता वरच्या मजल्यावर ओतली जाते. डॉगहाऊस बसवलंय पण हा पत्रा नाही, असं जोडकाम वारंवार दिसतं. ते जुन्या मांडणीपेक्षाही वाईट.

खरेदीच्या वेळी एक ध्यानात ठेवा: पत्रे एका इंजिनाचे दुसऱ्याला सरसकट लागत नाहीत. १२०० सीसीचे सिलिंडरांवरचे पत्रे १६००ला बसत नाहीत. हवा-पेट्रोल घेणारं एकच तोंड असलेल्या हेडचे आणि दोन तोंडं असलेल्या हेडचे कापही निराळे. डॉगहाऊसचा रुंद पंखा जुन्या श्राउडमध्ये मावत नाही. पुढच्या पत्र्यातही कूलरच्या वाटेसाठी वेगळा काप लागतो.

पायरी १: इंजिन गाडीत असतानाच पाहणी

इंजिन पूर्ण थंड असू द्या. बॅटरीची ऋण तार काढा. गाडी अंधारात उभी करा, एक प्रखर टॉर्च किंवा कामाचा दिवा इंजिनाच्या खाली ठेवून वरचं झाकण उघडा. वरून जिथे जिथे उजेड दिसतो, तिथे तिथे फट आहे. हातात खडू घ्या आणि प्रत्येक जागेवर खूण करा. दहा मिनिटांच्या या कामात पुढच्या सगळ्या कामाची यादी तयार होते.

उजेड बहुतेक वेळा या जागी दिसतो: इंजिनाच्या कडेने फिरणाऱ्या रबराच्या सीलपाशी, क्रँक पुलीभोवती, काढून टाकलेल्या हीटरच्या होजच्या भोकांतून आणि मॅनिफोल्ड खाली जाते त्या कोपऱ्यांत. स्पार्क प्लगच्या भोकांवर रबरी टोप्या बसलेल्या आहेत ना, ते हाताने दाबून पाहा. चारपैकी एखादी टोपी कडक होऊन वर उचललेली असते, बघता बघता लक्षात येत नाही.

श्राउडही नीट तपासा. ॲक्सिलरेटरची केबल श्राउडच्या आरपार एका नळीतून जाते. ती नळी हरवली असेल तर तिथे पुढे-मागे दोन भोकं उघडी राहतात. कॉइल दुसरीकडे हलवली असेल तर तिच्या स्क्रूची भोकं. होज काढून टाकले असतील तर त्यांची तोंडं. दाबाखालच्या डब्याला छोटं भोकसुद्धा महाग पडतं.

शेवटी पंख्याच्या तोंडात आरसा धरून आत बघा. गाडी बराच काळ उभी असेल तर आत उंदराचं घरटं असण्याची शक्यता चांगलीच असते. काडीकचरा, कापसाचे बोळे, कधी एखादी जुनी चिंधी. श्राउडच्या आतल्या वाटा त्याने बुजतात. बाहेरून सारं ठीक दिसत राहतं आणि एका बाजूचं हेड तापत जातं. अशा गाडीला श्राउड काढल्याशिवाय सुरूच करू नये, असं माझं मत आहे.

पायरी २: काढताना

पत्र्यांचं पूर्ण काम करायचं तर इंजिन खाली उतरवावंच लागतं. पुढचा पत्रा आणि खालचे तुकडे गाडीत असताना नीट निघत नाहीत आणि नीट बसतही नाहीत.

स्क्रू एम६चे, सपाट खाचेचे असतात. उष्णतेने आणि गंजाने ते हेडच्या ॲल्युमिनियममध्ये घट्ट बसलेले असतात. आदल्या दिवशी गंज सैल करणारं तेल सोडून ठेवा. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेच्या पूर्ण रुंदीचं हवं. बारीक पात्याने खाच फाटली की पुढे ड्रिलच हातात घ्यावं लागतं. हट्टी स्क्रूला हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. जोर लावण्याआधी स्क्रू किंचित घट्ट दिशेला हलवून पाहा, पुष्कळदा तेवढ्यानेच पकड सुटते.

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर चिठ्ठी. स्क्रू त्याच पत्र्याच्या पिशवीत. जनरेटर श्राउडला जिथे जोडला जातो, तिथल्या मधल्या पत्र्यात हवेची एक खाच असते. ती कोणत्या दिशेला होती याची खूण अवश्य करून ठेवा.

जुनी गॅस्केट आणि हीटरचे जुने होज कोरडे घासू नका. त्या काळच्या काही मालात ॲस्बेस्टॉस असायचं. ओलं करून, मास्क लावून काढा आणि धूळ उडू देऊ नका.

पायरी ३: फिन, मग पत्रे

पत्रे उतरले की सिलिंडर आणि हेड प्रथमच उघडे दिसतात. पत्र्यांचं काम बाजूला ठेवून आधी इथेच वेळ घाला. ऑइल गळून त्यावर धूळ बसली की फिनांमध्ये काळा, ब्लँकेटसारखा थर जमतो. तो लाकडी काडीने खरवडा, ब्रश आणि डिग्रीझरने धुवा. हेडमध्ये दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद वाटांकडे विशेष बघा. ओतकामाच्या वेळी राहिलेला धातूचा पातळ पापुद्रा तिथे कधी कधी अर्धी वाट अडवून बसलेला असतो. नव्या हेडमध्येसुद्धा हे सापडतं. एक सरळ तार वरून खाली आरपार जाते का पाहा. अडली तर पापुद्रा बारीक कानशीने किंवा लांब ड्रिल बिटाने सावकाश काढा. फिन कापू नका.

आता पत्रे. गरम पाणी आणि डिग्रीझरने तेलकटपणा आधी काढा, नाहीतर सँडपेपर तेलाने भरतो. गंज वरवरचा असेल तर वायर ब्रश पुरतो. खोल असेल तर गंज काढणाऱ्या द्रावणात बुडवून ठेवणं सगळ्यात सोपं. सुटे, सपाट पत्रे वाळूच्या फवाऱ्याने साफ करायला हरकत नाही. श्राउडच्या बाबतीत मी नाहीच म्हणेन. त्याच्या आत हवा वळवणाऱ्या पट्ट्या जोडलेल्या असतात, त्यांच्या मागे वाळू अडकते, कितीही झटकली तरी राहते आणि इंजिन सुरू झाल्यावर हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या फ्लॅपच्या बिजागऱ्यांत आणि फिनांत जाऊन बसते. ऑइल कूलरवर वाळूचा फवारा तर कधीच मारायचा नाही. वाळू आत शिरली तर थेट बेअरिंगमध्ये जाते.

वाकलेल्या कडा सरळ करताना पत्रा सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवा आणि रबरी किंवा लाकडी हातोड्याने हलकं ठोका. पत्र्याच्या मधल्या लहान पोचा सोडून द्या, त्यांनी काही बिघडत नाही. कडा मात्र सरळ हव्यात, कारण हवा कडेलाच निसटते. स्क्रूचं भोक फाटून मोठं झालं असेल तर मागून लहान तुकडा वेल्ड करून नव्याने भोक पाडा. मोठं वॉशर टाकूनही भागतं, दिसायला ते ओबडधोबड दिसेल इतकंच. भोक पडलेल्या जागी ठिगळ लावायला साधारण एक मिलिमीटरचा साधा पोलादी पत्रा घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करू नका, त्याचा धूर विषारी असतो.

रंगाबद्दल लोक फार वाद घालतात. उष्णता सोसणारा काळा रंग पातळ थराने मारला की झालं. पावडर कोटिंगही चालतं, पण थर जाड असला तर कडा एकमेकींत बसत नाहीत आणि भोकं अरुंद होतात, म्हणून स्क्रू घालून तपासून घ्या. क्रोमचे पत्रे चमकतात आणि बहुतेक लोक त्यांना उष्णता धरून ठेवतात म्हणून दोष देतात. माझ्या मते खरा दोष वेगळा आहे: बाजारातले पुष्कळसे क्रोमचे संच मूळ मापाबरहुकूम नसतात, कोपऱ्यात बोटभर फट राहते आणि काही तुकडे तर संचात नसतातच. जुना, गंजलेला पण मूळ कारखान्याचा पत्रा मिळाला तर तो घ्या. एक दिवस घासण्यात जाईल, पण बसेल बरोबर.

हेडमधले आटे गेले असतील तर याच टप्प्यावर आट्यांचं इन्सर्ट बसवून घ्या. लांब स्क्रू घालून वेळ मारून नेऊ नका. स्क्रू फार लांब असला तर तळाला टेकतो, पत्रा सैल राहतो आणि खडखडतो.

पायरी ४: थर्मोस्टॅट, ज्याला सगळे काढून टाकतात

उजव्या बाजूला, १ आणि २ नंबरच्या सिलिंडरांखाली पितळी बेलोजचा (तापली की लांब होणाऱ्या, घड्यांच्या डबीचा) थर्मोस्टॅट असतो. त्याच्यापासून एक सळई वर श्राउडमध्ये जाते आणि दोन्ही बाजूंचे फ्लॅप एकत्र उघडते-मिटते. इंजिन गार असताना फ्लॅप बंद राहतात, त्यामुळे इंजिन लवकर तापतं आणि मग फ्लॅप उघडतात.

पुष्कळ मेकॅनिक हा सगळा जुडगा काढून फेकतात. त्यांचं म्हणणं असं की उष्ण हवेत याची गरजच नाही. पण गार इंजिन बराच वेळ गार राहिलं की पेट्रोल नीट जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि ऑइलमध्ये ओलावा साठतो. झीज सगळ्यात जास्त याच पहिल्या काही मिनिटांत होते. शिवाय फ्लॅप अडकून बंद राहील ही भीतीही बव्हंशी गैरसमजुतीची आहे. बेलोजच्या आत हवेचा दाब कमी ठेवलेला असतो. बेलोज फुटला की आपोआप लांब होतो, म्हणजे फ्लॅप उघडे राहतात. धोका असतो तो गंजलेल्या बिजागरीचा आणि वाकलेल्या सळईचा. म्हणून फ्लॅप हाताने हलवून पाहा, अडखळता कामा नयेत.

बेलोज तपासायला गरम पाणी पुरतं. ६५ ते ७० अंश सेल्सिअसला त्याची लांबी किमान ४६ मिलिमीटर झाली पाहिजे. गार पाण्यात ठेवल्यावर तो आखडला पाहिजे. गार असतानाही लांबच राहत असेल तर तो फुटलेला आहे, बदला. बसवताना फ्लॅप पूर्ण उघडे धरा आणि ब्रॅकेट सरकवून असं जमवा, की तापून लांब झालेल्या बेलोजचं वरचं टोक ब्रॅकेटच्या वरच्या बाजूला टेकेल.

पायरी ५: जोडणीचा क्रम

डिफ्लेक्टर सगळ्यात आधी. हेड आणि पुशरॉड ट्यूब (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळयांच्या नळ्या) बसल्यावर ते आत घालता येत नाहीत. अर्ध्याअधिक इंजिनांतून ते गायब असतात त्याचं कारण हेच: विसरलं की पुन्हा हेड उतरवायची कुणाची तयारी नसते. सिलिंडरांना ते घट्ट टेकले पाहिजेत. सैल वाटले तर हाताने किंचित वाकवून घ्या. सैल डिफ्लेक्टर कंप पावतो आणि किरकिरतो.

मग हेड आणि पुशरॉड ट्यूब, मग थर्मोस्टॅटची सळई वर येईल अशी ठेवून ऑइल कूलर नव्या सीलांसकट. कूलर आणि श्राउड यांच्यामधली फोमची पट्टी नवीच लावा. ती नसेल तर हवा कूलरला वळसा घालून निघून जाते.

नंतर सिलिंडरांवरचे पत्रे, आणि ते बसल्यावरच इनटेक मॅनिफोल्डची टोकं. मग पंखा आणि जनरेटर जोडलेलं श्राउड वरून सावकाश खाली आणा. इथे दोन माणसं असली तर बरं. श्राउडची खालची कड दोन्ही बाजूंच्या पत्र्यांशी सगळीकडे नीट जुळली आहे का, बोट फिरवून पाहा. एखादी कड आत दुमडून वाकली तर वरून ते दिसत नाही.

श्राउड खाली आणण्याआधी पंखा हाताने फिरवून बघितलेला असावा. पंखा आणि त्याच्या मागच्या झाकणामध्ये सुमारे २ मिलिमीटर अंतर हवं. कमी-जास्त असेल तर पंख्याच्या बुशाखालचे शिम (पातळ चकत्या) बदलून ते जमवतात. पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी बारीक तडे आहेत का, तेही नीट उजेडात बघा. इतक्या वेगाने फिरणारा पंखा फुटला तर श्राउडही घेऊन जातो.

पुढचा पत्रा इंजिन गाडीत चढवण्याआधीच लावायचा. मागचा पत्रा, पुलीचे तुकडे, खालचे लांबट पत्रे आणि हीट एक्स्चेंजर यांचा क्रम एक्झॉस्टच्या प्रकाराप्रमाणे थोडा बदलतो. मात्र एक नियम सगळीकडे पाळा: सगळे स्क्रू आधी दोन-तीन आटे सैल लावून ठेवा, पत्रे आपापल्या जागी सरकू द्या, मग कसा. पहिलाच स्क्रू पूर्ण कसला तर शेवटच्या भोकात स्क्रू जाता जात नाही. स्क्रूला आट्यांवर न चिकटू देणारी ग्रीस अगदी नावापुरती लावा. कसताना बेताने, हेड ॲल्युमिनियमचं आहे.

पुढच्या पत्र्यातून पेट्रोलची नळी जाते. तिथल्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) असलाच पाहिजे. तो नसेल तर पत्र्याची धार कंपाने नळी कापत राहते आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. बीटलना आगी लागण्याच्या ठरलेल्या कारणांपैकी हे एक, आणि क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असल्याने एकदा पेटली की विझवणं फार कठीण. ग्रोमेटशिवाय इंजिन गाडीत चढवू नका.

हीटरची व्यवस्था काढून साधे एक्झॉस्ट पाइप लावले असतील तर श्राउडची दोन्ही तोंडं आणि मागच्या पत्र्यातली दोन्ही भोकं धातूच्या झाकणांनी बंद करा. चिकटपट्टी उष्णतेने सुटते. हीटर ठेवला असेल तर दोन्ही होज घट्ट लावा आणि एक्स्चेंजरला भोक नाही ना ते पाहा, कारण भोक असेल तर एक्झॉस्टचा विषारी वायू थेट प्रवाशांच्या जागेत येतो.

पायरी ६: कडेचं रबर

इंजिन चढवताना त्याच्या पत्र्यांची कड गाडीच्या बॉडीत बसवलेल्या रबरी सीलच्या खाचेत शिरली पाहिजे. रबर जुनं असेल तर ते कडक होऊन चिरतं आणि इंजिन वर येताना दुमडून खाली लोंबतं. नवं घ्या, इंजिन बाहेर असतानाच बॉडीत बसवा आणि साबणाचं पाणी लावा. इंजिन वर घेताना एकाने जॅक सांभाळावा, दुसऱ्याने चारी बाजूंनी रबर बोटाने वर-खाली करून खाचेत घालावं. हे काम कंटाळवाणं आहे. पण एवढे सगळे पत्रे नीट बसवून कडेला तीन-चार बोटांची फट ठेवली तर अर्धी मेहनत वाया जाते.

पुष्कळ जण इंजिन तापतं म्हणून मागचं झाकण थोडं उघडं ठेवायची पट्टी लावतात. वर येणारी गरम हवा तशीच राहते, फक्त तिच्यात थोडी बाहेरची मिसळते. आधी सील दुरुस्त करा, मग पट्टीची गरज उरते का ते बघा.

पायरी ७: चालवून तपासणी

टॉर्चची परीक्षा पुन्हा घ्या. आता उजेड कुठेच दिसता कामा नये.

बेल्टचा ताण बघा: दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट सुमारे १५ मिलिमीटर आत जावा. ताण कमी-जास्त करायला वरच्या पुलीच्या दोन भागांमधले शिम हलवतात. मध्ये शिम कमी केले की बेल्ट ताणला जातो, काढलेले शिम बाहेरच्या बाजूला नटाखाली ठेवून द्यायचे. नव्या माणसाने हे पक्कं लक्षात ठेवावं: गाडी चालवताना चार्जिंगचा लाल दिवा लागला तर बेल्ट तुटलेला असू शकतो. बेल्ट तुटला म्हणजे पंखा बंद. तेव्हा लगेच थांबायचं, ‘घरापर्यंत जाईल’ असं म्हणायचं नाही.

इंजिन सुरू करून, सैल कपडे आणि केस आवरून, लांब काठीला बांधलेला दोरा जोडांजवळून फिरवा. हवा गळत असेल तिथे दोरा उडतो. पंख्याच्या तोंडाजवळ आणि बेल्टजवळ तो नेऊ नका, कागदाची पट्टी तर वापरूच नका, ती आत ओढली जाते.

ऑइलच्या तापमानाचा मापक लावलेला असेल तर उत्तम. साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअस ही चांगली पातळी, १२०च्या पुढे जाऊ लागलं की थांबून कारण शोधा. पत्रे बरोबर असूनही तापत असेल तर टायमिंग, हवा-पेट्रोलचं मिश्रण आणि कूलरची आतली वाट हे पुढचे संशयित. एकाच बाजूचं हेड जास्त तापत असेल तर मात्र पुन्हा पत्र्यांकडेच या. त्या बाजूचा फ्लॅप बंद अडकलाय, घरटं राहिलंय किंवा आत एखादी कड वाकली आहे.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे स्क्रू एकदा हाताने तपासा, कारण नवा रंग दबतो आणि स्क्रू थोडे सैल पडतात. त्याच वेळी प्लगच्या टोप्या, होजच्या पट्ट्या आणि पेट्रोलच्या नळीचा ग्रोमेट पाहून घ्या. पुढे दर वेळी ऑइल बदलताना खालून टॉर्च मारायची सवय ठेवा.